चोच, दुष्काळ आणि समुद्र

जोनाथन वायनर यांचा ‘द बीक ऑफ द फिंच’ हा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला व पुढील वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक लाभले. शास्त्रीय ग्रंथ कादंबरीच्या उत्कंठेने वाचला जावा, हे यश लहान नव्हे. तरीही ग्रंथ मिटल्यावर आमच्या मनात एक शंका उरली. ती येथे मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

ग्रंथाचे नायक पीटर व रोझमेरी ग्रँट हे दांपत्य. गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या ओसाड बेटावर त्यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या अवर्षणात बारीक, मऊ बिया संपल्या. कठीण बी फोडणारे जाड चोचीचे पक्षी अधिक तगले आणि त्यांची संततीही तशीच निघाली. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बिया माजल्या व पारडे फिरले. हा भाग वायनर यांनी फार प्रत्ययकारी उतरविला आहे.

आमची तक्रार येथेच सुरू होते. चोच दुष्काळाने जाड व पावसाने पुन्हा लहान व्हावी, एवढ्याने एका जातीच्या दोन होत नाहीत. ते झोक्याचे हेलकावे झाले. दुभंगण्यास अंतर लागते. समुद्राने बेटाबेटांचे पक्षी वेगळे राखले, म्हणूनच प्रत्येक बेटावरील बदल तेथेच साचत गेला. डेव्हिड लॅक यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात या विलगतेस तिचे स्थान दिले होते. वायनर यांच्या नाट्यात मात्र दुष्काळ रंगमंचावर वावरतो आणि समुद्र मागच्या पडद्यासारखा लटकतो.

अर्थात समुद्र म्हणजेच सर्वस्व नव्हे. १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटरवरील एस्पान्योला बेटावरून एक नर डॅफ्नेवर आला. त्याचे गाणे निराळे होते. नर पिले बापाचे गाणे शिकतात व माद्या गाणे आणि चोच पाहून जोडीदार निवडतात. काही पिढ्यांत त्याचा वंश आपसांतच जोड्या जमवू लागला. ही हकीकत २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अभावाचा दोष वायनर यांच्याकडे जात नाही.

परप्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांस येथे स्वतःची आठवण होईल. पण चोच रक्तातून येते, गाणे कानांतून. आमच्या मुलांची मराठी दुसऱ्या प्रकारची आहे. तिचा निकाल मैलांवर नव्हे, घरात ती ऐकू येते की नाही यावर लागेल. हा भेद शिकविणारा ग्रंथ, उणिवेसह, संग्रही असावा.