'कूल रनिंग्ज': क्षम्य चुका आणि अक्षम्य चुका

बर्फ ठाऊक नसलेल्या जमैकाचे चार खेळाडू १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बॉबस्ले या बर्फगाडीच्या शर्यतीत उतरले. या सत्यघटनेवर जॉन टर्टेलटॉब यांनी १९९३ साली 'कूल रनिंग्ज' हा विनोदी चित्रपट काढला. आबालवृद्धांनी एकत्र बसून पाहावा इतका तो निर्मळ आहे. तथापि सत्याचा आधार सांगणाऱ्या कलाकृतीला सत्याविषयी प्रश्न विचारण्याचा प्रेक्षकाला अधिकार आहे.

काही चुका केवळ गमतीच्या. नायक डेरीस सोल ऑलिम्पिकच्या निवडचाचणीत अडखळून पडतो, आणि ती संधी हुकल्यामुळे कॅल्गरीकडे वळतो. परंतु कॅल्गरीची स्पर्धा फेब्रुवारी १९८८ मध्ये झाली, सोलची त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. उन्हाळी स्पर्धेची निवडचाचणी हिवाळी स्पर्धेच्याही आधी उरकणे हे कालक्रमाला धरून नाही. खऱ्या संघाचा चालक डडली स्टोक्स हा सैन्यातील हेलिकॉप्टरचालक होता आणि डेव्हन हॅरिस सैन्याधिकारी. त्यांच्या जागी निराश धावपटू आणले, हेही कथेची सोय म्हणून चालून जाईल.

प्रशिक्षकाच्या पूर्वेतिहासापाशी मात्र थांबावे लागते. जॉन कँडीने रंगविलेला अमेरिकन आयर्व्ह ब्लिट्झर म्हणे १९६८ साली दोन सुवर्णपदके जिंकला आणि १९७२ साली गाडीत छुपे वजन ठेवून पकडला गेला. वास्तविक १९४८ नंतर थेट २०१० पर्यंत अमेरिकेच्या पुरुषांना या खेळात सुवर्ण मिळालेच नाही. १९६८ ची दोन्ही सुवर्णपदके इटलीच्या युजेनिओ मोंती याची. याच मोंतीने १९६४ साली इन्सब्रुक येथे ब्रिटिश प्रतिस्पर्ध्यांच्या गाडीचा बोल्ट तुटल्याचे कळताच आपल्या गाडीचा बोल्ट त्यांना काढून दिला. सुवर्ण त्यांना मिळाले, मोंतीला कांस्य. खिलाडूवृत्तीच्या या थोर आदर्शाचे यश एका काल्पनिक लबाडाच्या नावे जमा व्हावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

सर्वांत गंभीर दोष प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रणात आहे. पडद्यावर इतर संघ, विशेषतः पूर्व जर्मन, जमैकनांची टर उडवितात. प्रत्यक्षात इतर देशांच्या खेळाडूंनी या नवख्यांना मार्गदर्शन केले आणि स्वतःची राखीव गाडीही उसनी दिली. खलनायकाच्या गरजेपोटी चित्रपटाने खऱ्या माणसांचे औदार्य पुसून टाकले आहे.

शेवटचा अपघातही असाच बदललेला आहे. चित्रपटात संघ पदकाच्या आशेवर असताना गाडीचा भाग निखळतो, आणि खेळाडू ती खांद्यांवर उचलून अंतिम रेषा ओलांडतात. वस्तुतः पदक दूरच होते. तिसऱ्या फेरीत गाडी उलटली ती मुख्यतः अननुभवामुळे, आणि खेळाडू तिच्या बाजूने चालत बाहेर आले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या त्या या साध्या चालण्याला. त्याला खांद्यांवरच्या मिरवणुकीची गरज नव्हती.

कालक्रमाची चूक सुजाण प्रेक्षक हसून विसरतो. माणसांच्या चांगुलपणाविषयीची चूक मात्र विसरण्याजोगी नसते, कारण ती मनात खोटी समजूत रुजविते. मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा. मात्र तो संपल्यावर त्या उसन्या गाडीची आणि मोंतीच्या बोल्टची गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी.