उपकरणांचे ‘उपयोग’ : रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीतील एका तक्त्याची चिकित्सा

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीच्या आरंभी बहुधा एक तक्ता असतो. एका रकान्यात उपकरणाचे नाव, दुसऱ्यात आकृती, तिसऱ्यात उपयोग. चंचुपात्र : द्रव घेण्यासाठी. मोजपात्र : द्रव मोजण्यासाठी. पिपेट : द्रव मोजून घेण्यासाठी. ब्युरेट : द्रव मोजून सोडण्यासाठी. या तक्त्यात असत्य असे एकही विधान नाही, आणि त्यामुळेच त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वस्तुतः उपकरणाचा उपयोग म्हणजे त्याच्यावर किती विश्वास टाकता येतो याचे ज्ञान होय. नेमके तेच या तक्त्यात आढळत नाही.

द्रव मोजण्यासाठीच जर ही सारी उपकरणे असतील, तर इतक्या प्रकारांची आवश्यकता काय, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडावयास हवा. त्याचे उत्तर भांड्याच्या रुंदीत आहे. सुमारे ७ सें.मी. व्यासाच्या चंचुपात्रात द्रवाची पातळी वाचताना १ मि.मी. इतकी चूक झाली, तर आकारमानात जवळजवळ ३.८ मि.ली. फरक पडतो. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कच्या १.२ सें.मी. व्यासाच्या गळ्यात तेवढीच चूक झाली, तर फरक सुमारे ०.११ मि.ली. एवढाच असतो. डोळा तोच, चूकही तीच; परिणाम मात्र चौतीसपट कमी. फ्लास्कचा गळा अरुंद असतो तो यासाठी. चंचुपात्रावरील खुणा केवळ अंदाजासाठी असतात आणि त्यांत ५ टक्क्यांपर्यंत तफावत संभवते. याउलट ‘अ’ वर्गाच्या ५० मि.ली. ब्युरेटची मान्य त्रुटी ०.०५ मि.ली. आहे, ‘ब’ वर्गाची त्याच्या दुप्पट. वर्गाचे हे अक्षर काचेवरच छापलेले असते. वर्षभर ब्युरेट हाताळूनही ते न वाचलेले विद्यार्थी दुर्मिळ नाहीत.

काचेवर आणखीही मजकूर असतो. फ्लास्कवरील खूण ‘आत सामावलेले’ आकारमान दाखविते, तर पिपेटवरील खूण ‘बाहेर सोडलेले’. पिपेटच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब अंशांकन करतानाच वगळलेला असतो. म्हणून टोक पात्राच्या भिंतीला टेकवून थांबावयाचे, फुंकर मारून तो थेंब काढावयाचा नाही. (फुंकून रिकामी करावयाच्या पिपेटीही असतात, त्यांवर तशी वेगळी खूण असते.) त्याचप्रमाणे तापमानाची नोंद : सर्वसाधारण मानक २० अंश सेल्सिअस, आणि उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश. ‘मोजून घेण्यासाठी’ या दोन शब्दांत यातील काहीच येत नाही.

अनुमापनापूर्वी ब्युरेट व पिपेट ज्या त्या द्रावणाने विसळावयाच्या आणि शंकुपात्र मात्र केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने, हा नियम सर्वांना पाठ असतो. त्याचे कारण विचारले असता बहुधा स्वच्छतेचे नाव पुढे केले जाते. ब्युरेटमध्ये राहिलेले पाणी द्रावण विरल करते व वाचन वाढविते. शंकुपात्रात मात्र पिपेटने सोडलेल्या पदार्थाची राशी निश्चित झालेली असते. तेथे पाणी कितीही असले तरी ती राशी बदलत नाही. उलट ते पात्र द्रावणाने विसळल्यास काठाला चिकटलेले थेंब हिशेबाबाहेर राहून निष्कर्ष बिघडवितात. एमिल एर्लेनमायर याने १८६० मध्ये प्रसिद्धीस आणलेल्या या पात्राचा निमुळता आकारही द्रव न सांडता गोल ढवळता यावा, यासाठी उपयुक्त आहे. मराठी नावात शंकू आला, ढवळणे आले नाही.

कृतीवरून उपकरणाची ओळख करून देण्याची पद्धत आपल्याकडे अपरिचित नव्हती. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथाचा नववा अध्याय यंत्रांविषयी आहे. त्यातील दोलायंत्र म्हणजे द्रवाने अर्धे भरलेले भांडे, तोंडावर आडवी काठी आणि तिला लोंबकळणारी औषधद्रव्याची पुरचुंडी. येथे नाव, रचना व कृती एकत्रच येतात. त्या ग्रंथातील रससिद्धान्त आज ग्राह्य नाहीत, हा मुद्दा वेगळा.

तक्त्यातील या उणिवेचा खरा परिणाम निरीक्षणांच्या पानावर दिसतो. तेथे सी. बी. आर., म्हणजे स्थिर ब्युरेट वाचन, असा रकाना असतो आणि त्याशेजारी ९.८, ९.८, ९.८ अशी तीन वाचने असतात. मधले वाचन ९.७ आले असेल, तर ते खोडून ९.८ केले जाते. ज्या ब्युरेटवरील लहानात लहान भाग ०.१ मि.ली. आहे, तिच्याबाबतीत एवढा फरक पूर्णपणे स्वाभाविक आहे. परंतु विद्यार्थी त्यास स्वतःचा दोष समजतो, कारण उपकरणाला मर्यादा असते हे त्यास कोणी सांगितलेले नसते. पुढे याच वाचनांवरून प्रसामान्यता ०.०९८२ अशी चार दशांशस्थळांपर्यंत काढली जाते. आरंभीच्या व अखेरच्या वाचनात प्रत्येकी ०.०५ मि.ली. चूक धरली, तर १० मि.ली.मागे ती १ टक्क्यापर्यंत जाते. म्हणजे तिसरा दशांशच डळमळीत होतो, चौथ्यास अर्थच उरत नाही. विज्ञानाच्या पहिल्याच वर्षी निरीक्षण ‘जुळवून’ लिहिण्याची सवय लागते, आणि गुणदानाची पद्धत तीस उत्तेजन देते. ‘अपेक्षित’ वाचनाशी जवळीक हाच निकष असेल, तर प्रामाणिक ९.७ लिहिणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच असते.

तक्त्याची पुनर्मुद्रणे होतात, उजळणी होत नाही, याचा आणखी एक पुरावा म्हणजे ॲस्बेस्टॉसची जाळी. ॲस्बेस्टॉसचे तंतू कर्करोगास कारण ठरतात हे सिद्ध झाल्यावर मध्यभागी सिरॅमिकचा थर असलेल्या जाळ्या आल्या. कित्येक आकृत्यांखालील नाव मात्र जुनेच राहिले.

यावर असा आक्षेप संभवतो की, तीन तासांच्या प्रात्यक्षिकात त्रुटींची चर्चा करण्यास वेळ उरत नाही. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु वर दिलेला १ मि.मी.चा हिशेब करण्यास एक मोजपट्टी, एक चंचुपात्र, एक फ्लास्क आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र एवढेच साहित्य लागते. पहिल्या तासिकेला तक्ता उतरवून घेण्यात जो वेळ जातो, त्यात तो सहज बसतो.