कलाभवन आणि कलापरंपरा : बडोद्याच्या निमित्ताने

विद्यापीठीय कलाभवनाचा इतिहास सामान्यतः कोनशिलेपासून सांगितला जातो. ही पद्धत सोयीची खरी. परंतु तीत वास्तूचा वृत्तांत येतो, कलेचा येत नाही. बडोद्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यास गायनशाळा सुरू केली. घराण्याच्या व दरबाराच्या कुंपणात असलेली विद्या इयत्ता, वेळापत्रक आणि स्वरलिपी यांच्या द्वारे सामान्य विद्यार्थ्यास खुली झाली, हे या संस्थेचे निर्विवाद श्रेय होय. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर सूरसागराकाठची ही परंपरा विद्यापीठाचे अंग बनली. १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा सुरू झाली, ती मात्र पुष्पबागेत. गायक एका आवारात व चित्रकार दुसऱ्या आवारात, ही विभागणी केवळ जागेची नव्हे. दृश्य आणि श्राव्य कलांचा संबंध अभ्यासक्रमातून निसटण्याचा धोका तीत संभवतो.

याहून गंभीर प्रश्न नृत्याचा आहे. तंजावरच्या मराठा राजघराण्यातील लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई, यांच्या विवाहाच्या निमित्ताने गौरा व कांतिमती या नर्तकी आणि त्यांचे साथीदार बडोद्यास आले. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे विद्यापीठात भरतनाट्यम् शिकविले. विद्या टिकली, परंतु अध्यापकाच्या आसनाबरोबर नाव राहिले ते पुत्राचे. ज्यांच्या देहात ती विद्या प्रथम नांदली, त्या स्त्रिया इतिहासाच्या तळटीपेत गेल्या. संस्थेमुळे कला वाचली, असे म्हणताना ही किंमतही नमूद केली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की संस्था नसती, तर तळटीपही उरली नसती. हा आक्षेप योग्य आहे. म्हणून आमचा विरोध भवनाला नसून, भवनालाच आरंभ मानणाऱ्या इतिहासलेखनाला आहे.

यवतमाळच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. विदर्भातील दंडार गावच्या मोकळ्या जागेत, प्रेक्षकांच्या कड्यात उभी राहते; तिला कोनशिला नाही. उद्या तिच्यासाठी सभागृह बांधले गेले, तर त्याच्या उद्घाटनाची तारीख नोंदवण्यापूर्वी ती खेळणाऱ्यांची नावे, त्यांची गावे आणि त्यांचे गुरू नोंदवावेत. कलाभवनाच्या इतिहासाचे पहिले पान तेच असावयास हवे.