ऐकण्यापुरते उरलेले नाटक

संगीत नाटकाच्या पदांची ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या रसिकाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. पद त्याच्या कानी पडते, परंतु ते कोणत्या वाक्यानंतर आले, ते ऐकताना समोरचे पात्र कसे उभे होते, पद संपताच प्रेक्षक हसले की स्तब्ध राहिले, यांपैकी काहीच त्याला कळत नाही. ज्याने नाटक पाहिले आहे त्याला ही मुद्रिका स्मरणाचे साधन होते. ज्याने पाहिले नाही त्याच्यासाठी मात्र तीच संपूर्ण नाट्यकृती होऊन बसते. ही दुसरी अवस्था समीक्षकाने विचारात घेतली पाहिजे, असे मला तंजावरात एका संध्याकाळी प्रकर्षाने जाणवले.

सरस्वती महाल ग्रंथालयातील काही नाट्यग्रंथ पाहण्याच्या निमित्ताने मी तेथे गेलो होतो. राजवाड्यालगतच्या एका मराठी घरी ‘संशयकल्लोळा’ची पदे ऐकण्याचा योग आला. यजमान वृद्ध, घरात मराठी बोलणारे, परंतु शिक्षण व व्यवहार सगळा तमिळमधला. महाराष्ट्रातील रंगभूमीशी त्यांचा संबंध आला नव्हता. पदे त्यांनी मन लावून ऐकली आणि शेवटी अगदी साधा प्रश्न विचारला : प्रेमकथा गोड आहे, पण तुम्ही हिला हास्यनाटक का म्हणता?

प्रश्न निरुत्तर करणारा होता. गोविंद बल्लाळ देवलांनी फाल्गुनरावाची ही कथा आधी १८९३ साली गद्यात लिहिली. तिचे मूळ मोलिएरच्या १६६० मधील प्रहसनात असून ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी रूपांतराच्या वाटेने मराठीत आले. पुढे देवलांनी तीत पदे घातली आणि १९१६ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात रंगभूमीवर आणले. या रूपात कामाची वाटणी फार स्पष्ट आहे. गातात ते मुख्यतः अश्विनशेठ आणि रेवती. हसवतात ते फाल्गुनराव, कृत्तिका आणि भादव्या. आणि त्यांचे हसवणे गद्यात आहे. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो संवादांच्या बळावर. म्हणजे पदे तेवढी वेगळी काढली की हास्य आपोआप मागे राहते. यजमानांनी ऐकले ते खरोखरच एक प्रेमकाव्य होते. त्यांच्या रसिकतेत उणे काही नव्हते. जे त्यांच्यापर्यंत पोहोचले तेच अर्धे होते.

त्या अर्ध्यालाही तबकडीने आणखी कात्री लावलेली असते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. रंगभूमीवर वन्समोअर घेत लांबत जाणारे पद या मापात बसवावे लागे. गायकाने काय राखले? मुखडा राखला, निवडक ताना राखल्या. पदापूर्वीचा संकोच, पदानंतरचा प्रवेश, पदाच्या मध्येच दुसऱ्या पात्राने केलेली हालचाल यांना त्यात जागा नव्हती. अमेरिकेत १९४३ साली ‘ओक्लाहोमा!’ या ग्रामीण पार्श्वभूमीच्या संगीतिकेची पदे मूळ नटसंचाकडून अल्बमच्या रूपाने मुद्रित झाली आणि तेथे त्या प्रथेला प्रतिष्ठा मिळाली. आपल्याकडे मात्र नाट्यपद नाटकापासून सुटून मैफिलीत गेले. ‘नाट्यसंगीत’ हा स्वतंत्र गानप्रकार झाला, ही त्याची प्रतिष्ठा आणि त्याचे नुकसानही.

तंजावरात बसून हा विचार करताना तेथील दुसरा एक नाट्यप्रकार डोळ्यांसमोर येणे अपरिहार्य होते. कुरवंजी हे तमिळ प्रदेशातील गेय नाट्य. एखादी युवती चेंडू खेळत असता देवाची वा राजाची मिरवणूक पाहते, त्याच्या प्रेमात पडते आणि विरहाने व्याकूळ होते. अशा वेळी डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, येते. ती आपल्या डोंगराचे आणि हिंडलेल्या मुलखांचे वर्णन करते, हात पाहते, शुभ भविष्य सांगते आणि दागिन्यांची बिदागी घेऊन जाते. मग तिला शोधीत तिचा पक्षी धरणारा नवरा सिंगन येतो. बायकोच्या अंगावरचे नवे दागिने पाहून तो चकित होतो व संशयाने एकेका दागिन्याविषयी विचारतो. ती एकेकाचे उत्तर देते. अठराव्या शतकातील ‘कुट्राल कुरवंजी’ हा या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना. तंजावरच्या सरफोजीराजांवर कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकरांनी रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या मंदिरात सादर होत असे.

येथेही नवऱ्याचा संशय आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. फाल्गुनरावाला तसबीर छळते, सिंगनला पैंजण. परंतु सिंगन गातो. त्याचा संशय आणि सिंगीचे उत्तर दोन्ही गाण्यातच आहेत, आणि ते गाणे डोंगरवस्तीच्या चालींचा ठसका घेऊन येते. नायिकेचे विरहगीत भारदस्त, कुरत्तीचे गाणे चपळ. श्रोत्याला शब्द न कळले तरी वस्ती बदलली हे कळते. कुरवंजीची केवळ पदे मुद्रित केली तरी तिचे हसू हरवणार नाही, कारण ते चालीतच बांधलेले आहे.

हाच प्रकार तंजावरच्या मराठीतही आला. सरफोजीराजांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० साली छापले. नाव देवेंद्राचे, चौकट कुरवंजीची, आणि गाण्यांचा विषय पृथ्वीचा भूगोल! आपले वाङ्मयेतिहास याची नोंद एक राजस लहर म्हणून करतात. मला यात एक अचूक नाट्यदृष्टी दिसते. कुरत्ती ही मुळातच हिंडलेली बाई. मुलखांची नावे घेणे हा तिच्या पात्राचा धर्म. ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या, राजवाड्यात देवनागरी छापखाना चालवून इसापच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापून घेणाऱ्या राजाने त्या जागेत खंड आणि समुद्र आणून बसविले. परंपरेने जी खिडकी ठेवली होती तिच्यातूनच नवे ज्ञान आत आले.

मात्र या कृतीचा दोषही सांगितला पाहिजे. नामावळीचे ओझे वाढले की गाणारी बाई मागे पडते व तिच्या मुखाने पंतोजी बोलू लागतो. कुरत्तीच्या थट्टेवर सगळे नाट्य उभे असते. ती थट्टा जेथे क्षीण होते तेथे पद उरते, प्रयोग उरत नाही. तथापि हा निर्णय मी छापील शब्दांवरून देत आहे, ही त्याची मर्यादा आहे. शहाजीराजांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याणा’पासून तंजावरची नाटके आपण कालक्रमातील पहिल्या क्रमांकासाठी वादात ओढतो, ती ऐकत मात्र नाही. पदांवर राग-तालांचे निर्देश आहेत. ते निर्देश म्हणजे एका अर्थाने न वाजलेली ध्वनिमुद्रिकाच आहे.

लोकचालींनी हास्य गाता येते, हा अनुभव एका प्रदेशापुरता नाही. जॉन गेने १७२८ साली लंडनमध्ये ‘बेगर्स ऑपेरा’ रचला तो रस्त्यावरच्या परिचित चालींवर. त्याच्याच आधारे ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी १९२८ मध्ये बर्लिनला ‘थ्री पेनी ऑपेरा’ केला आणि त्यापासून पु. ल. देशपांड्यांनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. या परंपरेत उपरोध गाण्यातच असतो. तमाशाची घडण निराळी. तेथे लावणी गायची आणि सोंगाड्याने बतावणीत हसवायचे. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके यांचे हसवणे प्रयोगागणिक फुलत असे. अशा हास्याची मुद्रिका केली तर एका रात्रीचे हसू मिळेल, नाटकाचे नव्हे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विनोदी मराठी संगीत नाटकाचे भाषांतर करताना मी त्यातील बहुतेक पदे गाळली. पदे म्हणजे गायक नटांच्या सोयीसाठी जोडलेला अलंकार, हास्याचा ओघ त्यांनी अडतो, अशी माझी समजूत होती. भाषांतर वाचणाऱ्यांनी ते चटपटीत आहे असे म्हटले, मीही सुखावलो. यजमानांच्या प्रश्नाने मला माझ्या कामाची दुसरी बाजू दिसली. त्यांना मुद्रिकेने संशयाविना प्रेम दिले होते. मी माझ्या वाचकांना प्रेमाविना संशय दिला होता.

‘संशयकल्लोळा’त फाल्गुनरावाचे हसे होते ते कशामुळे? अश्विनशेठ व रेवती यांच्या भावनेचा खरेपणा प्रेक्षकाने आधीच कानांनी तपासलेला असतो. पात्र गद्यात खोटे बोलू शकते, परंतु या नाटकात सुरात गाणारी माणसे खोटी नाहीत, असा प्रेक्षकाचा विश्वास बसतो. त्या विश्वासाच्या कसोटीवर फाल्गुनरावाचा प्रत्येक तर्क आपटतो आणि आपण हसतो. पदे काढली की कसोटीच गेली. मग संशय हा हास्यास्पद न राहता केवळ एक घोटाळा उरतो. गाणी स्वतः हसवीत नसली तरी हसण्याला लागणारी जमीन तीच तयार करतात.

म्हणून संगीत सुखात्मिकेच्या परीक्षणात एक प्रश्न नेहमी विचारावा : हिच्यात हसू कोठे ठेवले आहे? कुरवंजीसारखे चालीत ठेवले असेल, तर पदे एकटी ऐकूनही न्याय करता येईल. देवलांसारखे पद आणि गद्य यांच्यामध्ये ठेवले असेल, तर मुद्रिका व संहिता ही दोन्ही साक्षीदार बोलावल्यावाचून निवाडा देऊ नये. भाषांतरकाराला तर हा विवेक अधिकच आवश्यक, कारण त्याने गाळलेले पद परक्या वाचकाला कधी दिसणारच नसते.

निघताना मी यजमानांना फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा एक प्रवेश वाचून दाखविला. ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, आता ते मघाचे पद पुन्हा लावा. पद तेच होते. या वेळी ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले नव्हते.