मोहाची शेवटची फुलं

फूल म्हटलं की मराठी शाळेत शिकलेल्यांना आधी बालकवींची 'फुलराणी' आठवते. कळी म्हणजे लाजरी मुलगी, सूर्यकिरण म्हणजे नवरदेव. कविता सुंदरच आहे. पण तिच्यामागून आपल्याला एक सवय लागते: कमळ म्हणजे पावित्र्य, गुलाब म्हणजे प्रेम, लावा जोड्या. मार्क मिळतात, कविता निसटते.

गाथासप्तशतीत ही जोड्या-पद्धत चालत नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० गाथांचा संग्रह मी स. आ. जोगळेकरांच्या १९५६च्या मराठी आवृत्तीतून वाचला. त्यात मोहाच्या फुलांवर लागोपाठ दोन गाथा आहेत. पहिलीत गोदाकाठच्या झाडीतल्या, फुलांच्या भाराने वाकलेल्या मोहाला विनवणी आहे, की बाबा, सावकाश गळ. दुसरीत हंगाम संपलाय. एक बाई रडत शेवटची फुलं वेचतेय, चितेतून आपल्या माणसाच्या अस्थी वेचाव्यात तशी.

फुलं संपली म्हणून एवढं रडायचं? इथे मोह माहीत असावा लागतो. मी अंजूरचा. आमच्याकडे खाडी आणि गोदामं, पण भिवंडीहून वाडा-जव्हारकडे गेलं की मोह भेटतो. मार्च-एप्रिलात त्याची जाड, रसाळ, फिकट पिवळी फुलं रात्रीतून गळतात. पहाटेच बायापोरं टोपल्या घेऊन निघतात, फुलं वाळवून साठवतात. केसांत माळायचं हे फूल नव्हे, पोटाचं काम आहे. आणि कामाला निघालेल्या बाईला 'कुठे चाललीस' असं कोण विचारणार?

गंमत म्हणजे दोन्ही गाथांत प्रियकर कुठेच दिसत नाही. पहिलीतली ती दाट झाडी आणि दुसरीतला 'असती' हा एक शब्द, एवढ्यावरून तो ओळखायचा. फुलं सरली की घराबाहेर पडायचं निमित्त सरलं.

'असती' म्हणण्यात टवाळी आहेच. अस्थींची उपमाही कवीने चिडवायलाच दिली असेल. पण मला ती चेष्टेला पुरून उरलेली वाटते, कारण ती डोळ्यांनी पाहिलेली आहे. मोहाचं फूल फांदीवरून खुडत नाहीत, जमिनीवरून वाकून वेचतात. अस्थीही तशाच. मराठीत आजही दोन्हींना क्रियापद एकच.

हे कळल्यावर आधीची गाथा पुन्हा वाचली. झाड जितकं सावकाश गळेल, तितक्या पहाटा तिच्या हाती राहणार होत्या.