रुद्रपूरच्या दोन इमारती आणि एक रॅम्प

मातीच्या एका सुंदर शाळेचा फोटो तुमच्याही फीडवर कधीतरी येऊन गेला असेल. खाली मातीच्या जाड भिंती, वर बांबूचा मजला, रंगीत साड्यांचे पडदे आणि खिडकीत चढून बसलेली पोरं. बांगलादेशातल्या दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूर गावची ही 'मेटी' शाळा. ॲना हेरिंगर आणि आइके रोसवाग या जर्मन आर्किटेक्टांनी 'दीपशिखा' या तिथल्या संस्थेसाठी ती केली. २००५मध्ये बांधकाम झालं आणि २००७मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

मला ही शाळा मनापासून आवडते. तरी तिच्याबद्दल तक्रार आहे. ती सांगण्याआधी दुसऱ्या एका शाळेबद्दल सांगतो.

माझ्या आत्याची मुलगी व्हीलचेअर वापरते. तिच्या शाळेत रॅम्प होता. व्हरांडा जमिनीपासून दीड फूट उंच. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबी. तिथे जेमतेम सहा फूट होती. खुर्ची चढवायला दोघं लागायचे आणि उतरवताना तिघं. प्रयोगशाळा, ग्रंथालय सगळं वरच्या मजल्यावर, आणि वर जायला फक्त जिना. शाळेच्या माहितीच्या तक्त्यात मात्र 'रॅम्प : आहे' अशी नोंद. एकदा तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन बघायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "दादा, तू जाऊन ये वर. फोटो काढून आण." स्वतःच्या शाळेचा वरचा मजला तिने माझ्या फोनवर बघितला.

तेव्हापासून शाळेची कुठलीही इमारत बघताना मी आधी एकच बघतो. वर कसं जायचं?

मेटीत वर जायचं ते जिन्याने.

हे सोडलं तर मेटीत शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मातीच्या बांधकामाचा खरा शत्रू पाणी. म्हणून पाया विटांचा आहे आणि त्यावर ओल वर चढू नये असा थर. छपराच्या वळचणी लांब बाहेर काढल्या आहेत, म्हणजे पावसाचा मारा भिंतीवर कमी येतो. चिखलात पेंढा घालून तो म्हशींकडून तुडवून घेतला. माती, बांबू, मजूर सगळं जवळपासचं, त्यामुळे बांधकामाचा बराचसा पैसा तिथेच राहिला. मुख्य म्हणजे बांधणारे हात नवं काही शिकले. आपल्याकडेही पांढऱ्या मातीची घरं पाडून स्लॅब टाकला की माणूस 'सुधारला' असं धरतात. माती म्हणजे गरिबी, हा समज रुद्रपूरलाही होताच. मेटीने तो भाषण न देता खोडला. वर्गांच्या मागे मातीच्या गुहा आहेत. भोकातून सरपटत आत जायचं आणि एकटं बसून वाचायचं. 'लहान मुलाला काय हवं' हा प्रश्न इथे कुणीतरी खरोखर विचारलाय.

पण त्या प्रश्नातलं मूल धावणारं आहे. सरपटत गुहेत जाणारं, जिना चढणारं. न चालणारं मूल आराखड्यात आलंच नाही. यात दुष्टपणा नाही, विसर आहे. मात्र जिना एकदा बांधला की तो विसर पक्का होतो.

मेटीवरची सर्वांत चांगली टीका लिहिली गेली नाही, बांधली गेली. तीही त्याच गावात, त्याच आर्किटेक्टकडून. 'आनंदालय' ही इमारत २०२०मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी तिला ओबेल पुरस्कार मिळाला. खाली अपंग व्यक्तींसाठी उपचार केंद्र आहे. वर कापडकामाचा स्टुडिओ, म्हणजे गावातल्या बायकांना शिवणकामासाठी शहरातली गारमेंट फॅक्टरी गाठावी लागू नये. आणि या सगळ्याला वळसा घालत जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंत जाणारा एक लांब, वळणदार रॅम्प.

फोटो बघितलात तर आधी तोच दिसतो. मागच्या बाजूला, टाकीशेजारी लपवलेला नाही. इमारतीचा चेहराच तो आहे. भिंतींना वळणं आहेत ती त्याच्यामुळे. ओली माती हाताने रचत गेलं की वळण घेणं तिला जड जात नाही. त्याच्याखालच्या जागेत परत गुहा झाल्या आहेत. म्हणजे मेटीतली सर्वांत गोड कल्पना इथेही आहे, फक्त आता ती रॅम्पच्या पोटात आहे. मेटीच्या वेळी युरोपातले कारागीर शिकवायला आले होते. आनंदालय स्थानिक कंत्राटदाराने गावच्या माणसांना घेऊन उभं केलं आणि त्या कामात अपंग माणसंही होती.

तरी आनंदालयाला मी पूर्ण मार्क देणार नाही. अपंगांसाठी वेगळी इमारत हा धोक्याचा रस्ता आहे. 'त्यांची सोय तिकडे केलीये ना' म्हटलं की शाळा मोकळी. वरच्या स्टुडिओने हा धोका थोडा कमी केला, कारण तिथे कामाला येणाऱ्यांचा रोजचा संबंध त्या जागेशी येतो. पण सर्वसमावेशक शाळा म्हणजे मेटीत आनंदालयाचा रॅम्प. ती इमारत अजून फोटोत यायची आहे.

आपल्याकडे कायदा कमी पडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात शाळेच्या इमारतीला काय काय हवं ते लिहिलंय. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि त्याच यादीत अडथळ्याविना प्रवेश. अडचण अशी की यादी टिकमार्क करून संपवता येते. सहा फुटांच्या रॅम्पलाही टिकमार्क मिळतो.

हे मी फार तावातावाने लिहू शकत नाही, कारण माझंही काम असंच चालतं. ॲपमध्ये स्क्रीन रीडर नीट चालत नाही, असं तिकीट आमच्या बॅकलॉगमध्ये पडून होतं. दर दोन आठवड्यांनी ते मीच पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलत होतो. 'आधी मेन फीचर होऊ दे.' शेवटी करायला घेतलं तेव्हा कळलं की स्क्रीनची मांडणीच चुकीची आहे, वरून लेबलं चिकटवून भागणार नाही. पाया घातल्यावर रॅम्प आठवला की तो सहा फुटांचाच होतो. जागाच उरलेली नसते.

म्हणून पुढच्या वेळी मातीची, बांबूची, 'सस्टेनेबल' शाळा फीडवर आली की लाइक जरूर करा, पण फोटो झूम करून वर जायचा रस्ता शोधा. आनंदालयाचे फोटो मी आतेबहिणीला पाठवले. तिचा रिप्लाय आला, "छान आहे. उतार किती आहे रे दादा?"

मी आता त्याचं सेक्शन ड्रॉइंग शोधतोय.