सांध्याची समीक्षा : सुट्या भागांच्या आसनांतील जोडरचनेचा विचार

प्रस्तावना
आसनांची समीक्षा बहुधा आकार, रंग आणि सोय यांपाशी थांबते. आसनाचे दोन भाग जेथे एकत्र येतात तो सांधा दुर्लक्षितच राहतो. वास्तविक आसनाचे आयुष्य, त्याची दुरुस्ती आणि त्याचा शेवट या तिन्ही गोष्टी सांध्यावर ठरतात. 'मॉड्यूलर' या नावाने महाविद्यालये, कार्यालये व प्रतीक्षाकक्ष यांत रूढ झालेले आसनांचे सांगाडे या कसोटीस कितपत उतरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सांध्याचे दोन आदर्श
पेण परिसरात सांध्याचे दोन परस्परविरुद्ध आदर्श आढळतात. पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांत साच्यातून निघालेल्या गणेशमूर्तीचे सुटे अवयव असे जोडले जातात, की रंगकामानंतर सांधा दिसूच नये. तेथे अदृश्यता हाच गुण होय. याउलट कोकणातील घराच्या ओटीवरचा झोपाळा पाहावा. तुळईतील आकडा, कड्यांची साखळी आणि फळी हे सारे सांधे उघडे असतात. कार्यप्रसंगी तो उतरवून जागा मोकळी करता येते. झिजलेली एकच कडी बदलता येते. बसणाऱ्यास भार कोठून कोठे जातो हे दिसते. मूर्तीचा सांधा पुन्हा उघडण्यासाठी नसतो, आसनाचा सांधा मात्र त्यासाठीच असला पाहिजे. आधुनिक आसनरचनेने मूर्तीचा आदर्श आसनावर लादला, हा या विवेचनाचा मुख्य आक्षेप आहे.

थोनेटची खुर्ची
सुट्या भागांच्या आसनाचे अभिजात उदाहरण म्हणजे मायकेल थोनेट यांची १८५९ मधील १४ क्रमांकाची खुर्ची. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढीच तिची सामग्री. एका घनमीटरच्या खोक्यात सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या मावत. मुंबईतील इराणी हॉटेलांतून याच घडणीच्या खुर्च्या परिचित झाल्या. त्याही कालांतराने डगडगू लागतात. परंतु दोष कोठे आहे हे डोळ्यांना दिसते आणि साध्या पेचकसाने तो दूर होतो. टिकाऊपणाइतकीच दुरुस्तीची सुलभता येथे महत्त्वाची ठरली.

आजच्या सांगाड्यांचे परीक्षण
माणूस मागे रेलतो तेव्हा सर्वाधिक ताण मागचा पाय आणि बैठकीची आडपट्टी यांच्या सांध्यावर येतो. पारंपरिक सुतारकामात कुसू व खाच यांच्या रुंद स्पर्शामुळे तो विभागला जाई. नळीच्या सांगाड्यात तोच ताण एका बोल्टभोवती किंवा वेल्डिंगच्या अरुंद रेषेवर एकवटतो. बोल्टखाली योग्य वायसर नसेल, तर पातळ नळी चेपते, छिद्र मोठे होते आणि सांधा खिळखिळा होतो. लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या फळीत घट्ट बसवलेला स्क्रू एकदा निघाला की आटे पुन्हा धरत नाहीत.

कोकणच्या हवेत या दोषांत भर पडते. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. परिणामी बोल्टची पकड सैल होते. पायाचे टोपण निघाले की फरशी धुतलेले पाणी नळीत शिरते आणि गंज आतून लागतो. नट गंजून जाम झाला, तर नावापुरता सुटा असलेला सांधा प्रत्यक्षात कायमचा होतो.

वेल्डिंगच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. तो सांधा ढिला होत नाही, त्याचे नट हरवत नाहीत आणि त्यास नित्य देखभाल लागत नाही. हा युक्तिवाद मान्य करूनही एक भेद करावा लागतो. जेथे झीज होत नाही, तेथे वेल्डिंग योग्य. बैठक, पाठ आणि पायांची टोपणे हे झिजणारे भाग मात्र बोल्टनेच जोडलेले असावेत. अन्यथा एक फळी फुटताच संपूर्ण बाक भंगारात जातो. एका आडव्या पट्टीवर शिकंज्यांनी अनेक बैठका बसवण्याची प्रतीक्षाकक्षांतील पद्धत या दृष्टीने अधिक समंजस आहे. तिच्यातील एकच आसन बदलता येते.

निष्कर्ष
कारखान्यात सुटे भाग जोडून तयार होणे आणि वापराच्या जागी सुटे होऊ शकणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'मॉड्यूलर' हे विशेषण पहिल्या अर्थाने लावले जाते, किंमत मात्र दुसऱ्या अर्थाची घेतली जाते. यास्तव संस्थेच्या खरेदी समितीने दरपत्रकाबरोबर तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल : सांधा दिसतो काय, गावातल्या साध्या पान्याने तो उघडतो काय आणि झिजलेला भाग स्वतंत्रपणे मिळतो काय? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर स्वस्त बाकही अखेरीस महागच पडतो. आणि त्याची किंमत डगडगत्या बाकावर तासन्‌तास बसून लिहिणारा विद्यार्थी मोजत असतो.